सांगितलेली फांदी

अन्याय माझ्या आत्यावर झाला. कधी झाला तेही लिहिते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की आरोप मोघम आहेत. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली त्या वर्षानंतरचा दुसरा वैशाख, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या जरा आधी, चिंचेची एक जाड फांदी तिच्या स्वयंपाकघरावर पडली. टिन, चूल, पिठाचा डबा, पाण्याची घागर, सगळं तिच्याखाली गेलं. हा अन्याय नव्हे. तडकलेली फांदी वाऱ्याने पडली, त्यात कोणाचा दोष. अन्याय दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. ती फांदी विनापरवाना तोडली म्हणून सरकारने आत्याचाच जबाब घेतला.

आता तुम्ही विचाराल, फांदी तडकलेली होती तर आधी छाटली का नाही? तेच सांगायला बसले आहे. परवानगी मागत होतो.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. बुलढाण्याला कॉलेजात होते तेव्हा ही सवय लागली. बियाण्याच्या काळ्याबाजारावर लिहिलं, फवारणीच्या औषधांवर लिहिलं, होस्टेलच्या भाजीवर लिहिलं. पत्रकाचा कायदा सोपा असतो: पहिल्या ओळीत अन्याय कोणावर, शेवटच्या ओळीत मागणी काय, मधे जे पोटात असेल ते. हे काही पत्रक नाही, आठवणी आहेत. पण हाताला वळण पडलंय, त्याला इलाज नाही.

आमचं गाव सातपुडा समोर दिसतो त्या पट्ट्यातलं. गावाच्या कडेला आमची वस्ती, वस्तीच्या कडेला आत्याचं घर. दोन खोल्या, मागे टिनाखाली स्वयंपाकघर, आणि त्याच्यावर छत्रीसारखी चिंच. झाड आधीचं, घर नंतरचं. आत्या या घरात सून म्हणून आली, इथेच एकटी राहिली, आणि मधल्या सगळ्या वर्षांत तिने दोनच कामं केली: हिवाळ्यात दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायचा, उन्हाळ्यात आपल्या दारात चिंच फोडायची.

बोंडअळीच्या वर्षी पहिलं काम गेलं. बीटी कपाशीचं पाकीट घेताना दुकानदार सांगायचा की बोंडअळी या झाडाच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहणार नाही. अळीने ते ऐकलेलं नसावं. बोंडं उघडली तर आत कवडी, म्हणजे किडका कडक कापूस, किंवा अळीच. लोकांनी उभ्या कपाशीत मेंढरं सोडली. मेंढरांना वेचणीची मजुरी लागत नाही, त्यामुळे वस्तीतल्या बायका घरी बसल्या. पंचनाम्यात शेतकऱ्याचं नुकसान लिहिलं गेलं, ते लिहायलाच हवं होतं. वेचणाऱ्या बाईचं नुकसान लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

उरली चिंच. माघ लागला की आत्या आकडीने चिंचा पाडायची. मग ती आणि गल्लीतल्या चारदोन जणी झाडाखाली पोतं अंथरून बसायच्या, टरफल काढायच्या, दगडावर ठेवून हातोडीने ठोकून चिंचोका वेगळा करायच्या, गर मिठात मळून गोळे करायच्या. ते गोळे डोक्यावर घेऊन आत्या शेगावला जायची. तिथल्या खानावळीवाल्यांना तिची चिंच ओळखू यायची, कारण तिच्या गोळ्यात चिंचोका दाताखाली येत नसे. त्या वर्षी पहिल्यांदा असं झालं की घर नुसतं चिंचेवर चालणार होतं.

आणि त्याच वर्षी परतीच्या पावसात फांदी तडकली. खोडातून फुटते तिथेच उभी भेग गेली, पाचही बोटं आत जातील अशी. फांदी पडली असती तर दुसरीकडे कुठे नाही, बरोबर चुलीवर. झाड राहायला हवं होतं, कारण पोट त्याच्यावर. फांदी जायला हवी होती, कारण डोकं तिच्याखाली. मागणी एवढी छोटी होती. मी आयुष्यात एवढी छोटी मागणी कधी केली नव्हती, आणि एवढी महागातही कुठली पडली नाही.

दिवाळी झाली आणि आत्याने झाडाला सांगायचं ठरवलं.

हे आमच्याकडचं आहे, म्हणून जरा खुलासा करते. फळाच्या झाडाची फांदी काढायची तर आधी झाडाला सांगतात. संध्याकाळी बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं, जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्या फांदीला बांधायची, आणि मोठ्याने सांगायचं: हीच फांदी, या कारणासाठी, अमका माणूस काढेल. सकाळी चिंधी जागेवर असली की झाडाची हरकत नाही. त्यानंतर त्या फांदीला आकडी लावायची नाही, तिची चिंच तोंडात घालायची नाही. ती सांगितलेली फांदी. आणि जेवढं सांगितलं तेवढंच काढायचं, वर एक डहाळीही नाही.

आमच्या घरातून देव्हारा आजोबांच्या काळातच गेला. त्यामुळे मी आत्याला डिवचलं.

"आत्या, आपन देव मानत नाई, मंग हे काय व? पूजा चालली काय झाडाची?"

"पूजा कोन करून राह्यलं? सांगून राह्यली मी. त्याचा हात तोडाचा अन् त्यालेच सांगाचं नाई?"

"आणि सकाळी चिंधी सुटली तर?"

"मंग गाठ बराबर बांधली नाई म्हनून समजाचं. पुन्हा बांधाची."

एकूण झाडाकडून परवानगी मिळायला एक रात्र लागली, आणि नकाराची सोयही अशी ठेवलेली की कोणाचं अडणार नाही. यापेक्षा चांगलं प्रशासन मी तालुक्यात पाहिलेलं नाही.

सकाळी मी चाचांकडे गेले. चाचा म्हणजे आमच्या भागात झाडावर चढून आरी चालवणारे म्हातारे. त्यांचे वडीलही तेच करत. सांगताना आत्याने त्यांचंच नाव झाडाच्या कानावर घातलं होतं. चाचांनी आरी काढली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि परत गुंडाळून ठेवली.

"चिंच हाये ना बेटा? कायद्यातलं झाड हाये. कागद आन."

"चाचा, एक फांदी तं हाये."

"मागच्या साली एका जांभळाची फांदी उतरवली. आरी जप्त. सोडवायले वकील पाह्यला. नवी आरी मले परवडते बेटा, वकील नाई परवडत."

"आत्यानं झाडाले तुमचं नाव सांगतलं."

"झाडाले सांगतलं ते बरं केलं. सायबाले नको सांगू."

तर कागद. चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग अशा काही झाडांची एक यादी आहे. त्या यादीतलं झाड तुमच्या दारात असलं तरी सरकारला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कायदा चांगला आहे. मी त्याच्या बाजूने एकेकाळी पत्रकही लिहिलंय. झाडाला कोणीतरी वाली हवाच. पण वाल्याचा पत्ता कोणी सांगेना.

ग्रामसेवक म्हणाले, "तुमच्या आत्याचं घर आमच्या रजिस्टरला आहे. झाड नाही."

तलाठी म्हणाले, "झाड गावठाणात आहे. गावठाणाला सातबारा नसतो. माझ्याकडे झाड नाहीच."

वनखात्याच्या कचेरीत म्हणाले, "झाड आमच्या यादीत आहे ताई, पण आमच्या जंगलात नाही."

म्हणजे सरकारदरबारी ते झाड नव्हतंच. नसलेल्या झाडाची फांदी कापली तर मात्र गुन्हा होता.

कुठल्या तालुक्याची कचेरी ते मी लिहीत नाही. तुम्ही तुमच्या तालुक्याची समजा, फारसं चुकणार नाही. त्या कचेरीसमोर चहाची टपरी होती. टपरीच्या फळीखालून त्याच दिवसांत तणनाशकाने न मरणाऱ्या कपाशीचं बियाणं मिळत होतं. त्या बियाण्याला देशात कुठेच परवानगी नव्हती. लोक त्याला उघड चोरबीटी म्हणत. पाकिटावर कंपनी नाही, तारीख नाही, पावती मागितली तर टपरीवाला चहा पाजायचा. ते पेरायला ग्रामसेवक लागत नव्हता, तलाठी लागत नव्हता, साहेबांची सही लागत नव्हती. मी कचेरीतून हात हलवत बाहेर आले की टपरीवाला विचारायचा, "झाली का ताई परवानगी?" मी नाही म्हणाले की मान हलवायचा. त्याला माझी कीव यायची. बिनपरवान्याचा माणूस इतका सुखी मी कुठे पाहिला नाही.

शेवटी त्याच कचेरीत एक बाबू भेटले. मनाने वाईट नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली नाही, पण तिच्यावरचा गठ्ठा उचलून मला टेकायला जागा केली.

"ताई, तुम्ही मॅटर समजून घ्या. फांदीचा अर्ज नसतोच. कायद्यात फांदी छाटणं आणि झाड तोडणं एकच. तुम्ही अख्खं झाड तोडायचा अर्ज टाका. झाड धोकादायक, घरावर आलेलं, असं लिहा. मंजुरी आली की तुम्हाला पाहिजे तेवढंच तोडा. बाकीचं राहू द्या उभं. कोण पाहायला येतं?"

"मंजुरी अख्ख्या झाडाची, आणि झाड उभंच. मग पुढे कोणी लाकूडवाला तो कागद घेऊन आला तर?"

"ते पुढचं झालं ना ताई."

"फांदीसाठी कोणी येतच नाही का?"

"माझ्या नोकरीत तर कोणी आलं नाही. लोक झाड मागतात. नाहीतर विचारतच नाहीत. एक फांदी मागणारी तुमची एकच केस."

मी बाहेर आले आणि विचार केला की माणूस चुकीचं सांगत नाही. चळवळीत अशी वाकडी वाट आम्ही शंभरदा घेतली. मोर्चाला परवानगी मिळाली नाही की सत्कार समारंभ म्हणून मैदान घ्यायचं. मी घरी येऊन आत्याला सगळं समजावलं.

आत्या मागच्या हंगामाचे चिंचोके पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"म्हंजे मी लिहून देऊ का हे झाड मारते म्हनून?"

"नुसतं कागदावर, आत्या. मारायचं नाईच आपल्याले."

"कागदावर काऊन मारू मंग?"

"अर्जच तसा आहे त्यांच्याकडे."

"मी झाडाले एक फांदी सांगतली. आता सायबाले पुरं झाड सांगू? दोघायले दोन गोष्टी सांगनारी बाई नाई मी."

"झाडाला काय कळतंय व अर्जातलं."

"त्याले नाई कळत. मले कळते ना."

यावर मी बरंच बोलले. डावपेच, व्यवहार, मोठं ध्येय, सगळं बोलले. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुह्यं पत्रक मस्त हाये पोरी. पन सही मी नाई करत."

तर आम्ही कोऱ्या कागदावर अर्ज केला. विषय: झाड जिवंत ठेवून एक फांदी काढू देण्याबाबत. बाबूंनी तो पाहिला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाले की हा कोणत्या टेबलावर पाठवायचा तेच ठरवावं लागेल. ते ठरेपर्यंत चिंच पिकली. आत्याने बाकीचं झाड झोडपलं. सांगितलेल्या फांदीवर चिंचा नुसत्या लगडल्या होत्या, नेमक्या तिच्यावरच जास्त. गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "घे व पाडून, सरकार थोडंच पाहून राह्यलं."

"सरकारले कोन भेते?" आत्या म्हणाली आणि आकडी दुसरीकडे नेली.

त्या चिंचा पोपटांनी खाल्ल्या. आत्याने स्वयंपाक चालूच ठेवला, पण वारा आला की उठून अंगणात यायची. पोळी तव्यावर, बाई बाहेर. पोळी करपायची. करपलेली पोळी खाताना मी साहेबांच्या सात पिढ्या काढायची आणि आत्या म्हणायची, "त्याईच्या घरी चिंच नसंन."

मी पत्रक काढलं. 'एका फांदीचा प्रश्न.' शेगावला छापलं, बाजारात वाटलं. लोकांनी वाचलं, हसले, आणि बीटीच्या भावाबद्दल का नाही लिहिलं म्हणून विचारलं. एका कार्यकर्त्या भाऊंनी तर बाजूला घेऊन समजावलं की एवढ्या मोठ्या लढ्यात ही चिंच मधे आणू नये. मी त्यांना विचारलं, "तुमच्या चुलीवर आहे का फांदी?" ते म्हणाले, "आमच्याकडे गॅस आहे."

पण पत्रकाचा एक परिणाम झाला. वनपाल साहेब जागा पाहायला आले.

सोबत एक गार्ड होता. साहेबांनी झाडाला फेरी मारली, भेगेत काडी घालून पाहिली, आणि खरोखर म्हणाले, "ही पडणार." मला वाटलं जिंकलो. आत्याने बाज टाकली, पाणी दिलं. साहेबांनी मागून दोन चिंचा घेतल्या. त्या चोखत वर पाहताना त्यांना चिंधी दिसली. उन्हावाऱ्याने रंग गेला होता, पण आत्याची गाठ पक्की होती.

"हे कापड कशाचं?"

"सांगतल्याचं," आत्या म्हणाली.

"कोणाला सांगितल्याचं?"

"झाडाले."

साहेबांनी चिंच तोंडातून काढली. गार्डकडे पाहिलं. गार्डने वही उघडली. साहेब म्हणाले, "लिहा, सदर वृक्षास श्रद्धेपोटी वस्त्र बांधलेले आढळले."

मी म्हणाले, "साहेब, श्रद्धा वगैरे काही नाही. खूण आहे ती."

"ताई, कापड बांधलेलं झाड म्हटलं की धार्मिक विषय होतो. उद्या कोणाच्या भावना दुखावल्या तर? पोलिसांची ना हरकत आणा."

"आमच्या घरात देव्हारासुद्धा नाही, साहेब."

साहेब आणखी गंभीर झाले. "मग तर हे फारच नाजूक आहे."

पोलीस ठाण्यात हवालदाराने शांतपणे सगळं ऐकलं.

"स्थळ कोणत्या समाजाचं?"

"कोणत्याच नाही."

"कोणाची हरकत आहे?"

"कोणाचीच नाही."

"मग मी ना हरकत कशी देऊ? हरकत तर पाहिजे आधी. तुम्ही असं करा, कोणालातरी हरकत घ्यायला लावा. मग आपण त्याला बोलावू, समजावू, तो मागे घेईल. मग देतो."

मी चाचांना विचारलं, हरकत घ्याल का? चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बेटा, मी हरकत घेतली तं ती चिंच पेपरात जाईन. तिले राहू दे, जशी हाये तशी."

बरोबर होतं त्यांचं. दुसरी सोपी वाट म्हणजे चिंधी सोडायची आणि साहेबांना पुन्हा बोलवायचं. हे मी आत्याला कसं म्हणाले माझं मला माहीत. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"चिंधी सोडली म्हंजे सांगनं मागं घेतलं. मंग फांदी काढता येत नाई."

"फिरून सांगू ना, मंजुरी आल्यावर."

"आज हो, उद्या नाई, परवा पुन्हा हो. ते झाड हाये, कचेरी नाई."

चिंधी राहिली. दुसरा पावसाळा गेला. तोपर्यंत रस्त्याच्या रुंदीकरणात गावाजवळची कडुलिंबाची अख्खी रांग गेली. मशीन आली, दुपारपर्यंत सगळं सपाट. त्यांना म्हणे परवानगी होती. असेल. त्यांनी अख्खी झाडं मागितली होती, एकच फांदी मागायचा वेडेपणा त्यांनी केला नव्हता. त्याच पावसाळ्यात शाळेच्या मैदानात वृक्षलागवड झाली. आदल्या वर्षीच्याच खड्ड्यांत. आमचे वनपाल साहेब रोपाला पाणी घालतानाचा फोटो पेपरात आला. फोटोत तरी ते झाडाला हात लावत होते.

दुसरा हंगाम आला. सांगितलेल्या फांदीच्या चिंचा पुन्हा पोपटांनी नेल्या. आणि मग तो वैशाख.

पौर्णिमेला वस्तीत खीर होती, दुसऱ्या दिवशी सगळे सुस्त. दिवस कलला आणि सातपुड्याकडून धुळीची भिंत उठली. आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती, अंगणात फोडलेली चिंच उन्हात पसरलेली. वारा आला तशी ती हात पिठाचा तसाच ठेवून चिंचेवर पोतं टाकायला धावली. मी दारात होते. आवाज आधी असा आला की कोणी जाड कापड फाडतंय. मग टिनाचा. आत्या पोत्यावर पालथी पडलेली होती. मला वाटलं गेली. ती पोतं दाबून धरून होती, वाऱ्याने उडू नये म्हणून.

ती मागे वळली, स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाकर तव्यावर व्हती."

आता सरकारची तत्परता पाहा. जे साहेब एक फांदी पाहायला दीड वर्षात एकदा आले, ते फांदी पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी दारात. गावातून कोणीतरी कळवलं होतं की चिंचेच्या लाकडाचा मोठा माल पडलाय. माल म्हटलं की खातं जागं होतं. साहेबांनी फांदीभोवती फेरी मारली आणि चिंधी दिसली. ती अजून बांधलेली होती.

"म्हणजे आधीच खूण करून ठेवली होती," साहेब म्हणाले. "ठरवून तोडलीय."

मी म्हणाले, "साहेब, हीच चिंधी तुम्हीच श्रद्धा म्हणून लिहून नेली होती."

"ते तेव्हाचं निरीक्षण होतं."

"आणि फांदी तुटलेली पाहा, कुठे आरीची खूण आहे?"

"ते तपासात येईल. तोपर्यंत फांदी हलवायची नाही. आत्याबाई, तुमचा जबाब घ्यावा लागेल. फांदी कोणी तोडली?"

आत्या पोत्यावर बसली होती. तिने पदर सारखा केला.

"झाडानं."

"नीट सांगा."

"नीटच सांगून राह्यली. त्याले म्या सांगतलं व्हतं, ही फांदी काढाची हाये. त्यानं हो म्हटलं. मंग तुमची वाट पाह्यली त्यानं. तुमी आले नाई. मंग त्यानंच टाकली."

गार्डला हसू आलं. त्याने ते वहीत लपवलं. साहेबांनी लिहायला सांगितलं, "सदर महिला उडवाउडवीची उत्तरे देत आहे." त्याच्याखाली आत्याने सही करायची होती. ती म्हणाली, "मी बोलली ते लिहा, मंग करते." साहेबांनी नाही म्हटलं. आत्यानेही नाही म्हटलं. तो जबाब आजही बिनसहीचा आहे. तारखा पडतात, आम्ही जातो.

फांदी हलवायची नव्हती, म्हणून ती चुलीवर पडून राहिली. आत्या झाडाखाली तीन दगडांवर स्वयंपाक करायला लागली. पावसाचे ढग दिसायला लागले तरी पंचनामा पुरा होईना. मग मी शेवटचं पत्रक काढलं, सर्वात लहान. अमुक दिवशी भरदुपारी आम्ही फांदी उचलणार आहोत, खात्याने हजर राहून अडवावं. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. खातं आलं नाही. वस्तीतल्या बायका आल्या. बाजारात माझं पत्रक वाचून जे हसले होते त्यातलेही दोघे आले. आणि चाचा आले, आरी खांद्यावर टाकून.

"चाचा, आरी जप्त होईल," मी म्हणाले.

"होऊ दे. माह्यं नाव सांगून ठेवलं होतं ना तिनं. दीड साल झाड वाट पाहून राह्यलं."

चाचांनी फांदीचे तुकडे केले. त्याआधी आत्याने चिंधी सोडली, घडी करून कमरेला खोचली. लाकूड एकाही माणसाने घरी नेलं नाही, ते अजून भिंतीला लावून ठेवलंय, ज्याचं आहे त्याने घेऊन जावं म्हणून. पहिला पाऊस पडला तेव्हा टिन नवं नव्हतं, पण होतं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. त्या फांदीचा भार गेला आणि झाड दुसऱ्या अंगाला कललं. यंदा समोरच्या फांदीला भेग दिसतेय, बारीक आहे, नख जाईल एवढी. तिच्याखाली आत्याच्या झोपायच्या खोलीचं छप्पर आहे. परवा संध्याकाळी आत्याने बुडाशी पाणी ओतलं आणि जपून ठेवलेली तीच जुनी चिंधी काढून तिथे बांधली. या वेळी मी काही डिवचलं नाही. सकाळी चिंधी जागेवर होती. मी कोऱ्या कागदावर पुन्हा तोच अर्ज लिहून दिला. बाबूंनी ओळखलं. म्हणाले, "ताई, अजूनही तुमची एकच केस आहे."

तर मागणी अशी आहे, आणि ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या दारात, शाळेवर, विहिरीवर, कोणाच्यातरी चुलीवर एखादी वाकलेली फांदी असेलच. अख्खं झाड मागू नका. गुपचूप कापूही नका. तुमच्या तालुक्याच्या कचेरीत जा आणि झाड जिवंत ठेवून एक फांदी काढायचा अर्ज मागा. असा अर्ज नाही म्हणतील. मग कोऱ्या कागदावर लिहा, तिथेच द्या, आणि पोच मिळेपर्यंत उठू नका. बसायला खुर्ची मिळणार नाही, खाली बसा. पावसाच्या आत जा. माझ्या आत्याची केस एकटी ठेवू नका.